पुलाखालचा नाला, डोंगरातले पाच धबधबे

नवी मुंबईतल्या कोपरखैरणे स्थानकाकडे जाताना मला एक नाला ओलांडावा लागतो. गेली एकोणीस वर्षे मी तो दिवसातून दोनदा ओलांडत आले आहे, परंतु हे पाणी येते कुठून हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. २६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस नेहमीपेक्षा सोळा दिवस आधीच मुंबईत दाखल झाला. त्यानंतरच्या एका सकाळी पुलाखालचे काळे पाणी एकाएकी तांबूस झालेले आणि त्यात पळसाची पाने वाहत आलेली मला दिसली. आमच्या वसाहतीत पळस नाही. तो आहे पूर्वेला, पारसिकच्या डोंगरावर. त्या संध्याकाळी मी मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात नाल्याची निळी रेघ उलट दिशेने शोधत गेले. ठाणे-बेलापूर रस्ता आणि औद्योगिक पट्टा ओलांडून ती डोंगराच्या एका घळीत शिरत होती आणि तिथे हिरव्या रंगात पाच ठिकाणी पांढरे ठिपके दिसत होते. ते धबधबे असावेत असे वाटले आणि त्यांची छायाचित्रे काढायची असे मी ठरवले.

त्यासाठी पहिल्यांदा पायथ्याशी गेल्यापासून पहिले छायाचित्र काढेपर्यंत ११८ दिवस गेले. ते कसे गेले आणि त्यांत काय काय करावे लागले, ते क्रमाने लिहिते आहे. कारण असे काही करू पाहणाऱ्याला पहिल्या दोन-तीन टप्प्यांवरच नाउमेद व्हायला होते, तसे मलाही झाले होते. ओढ्याचे नेमके ठिकाण मात्र मी देत नाही. घळ अरुंद आहे, पाऊलवाट एकच आहे आणि तिथे गर्दी झाली तर तिथल्या पाड्यालाच तिचा त्रास सोसावा लागेल.

रविवार, १५ जून रोजी मी पहिल्यांदा पायथ्याशी गेले. वाटेच्या तोंडाशी प्रवेशबंदीचा फलक होता आणि दोन पोलीस उभे होते. पावसाळ्यात धबधब्यांच्या परिसरात असे मनाई आदेश निघतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. पोलिसांनी सौम्य शब्दांत परत जायला सांगितले. बाजूने एक चोरवाट आहे, असे तिथल्याच एका मुलाने मला हळूच सुचवले होते. मी त्या वाटेने गेले नाही, आणि हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ती चित्रफीत मी पाहिली होती. ती माणसे प्रवाहाच्या मध्यावर एकमेकांना धरून उभी होती आणि पाणी वाढतच गेले. डोंगरातल्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान आणि उतार तीव्र असतो, त्यामुळे वर पडलेला पाऊस काही मिनिटांत खाली पोहोचतो. आपण उभे असतो तिथे कदाचित पाऊस पडतही नसतो. बंदीमागचे कारण मला पटले होते. मला एवढेच हवे होते की बंदी उठल्यावर आणि पाणी आटण्यापूर्वीच्या मधल्या दिवसांत रीतसर परवानगीने आत जाता यावे.

२३ जूनला अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी वन कार्यालयात गेले. तिथल्या लिपिकांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे राखीव वनात परवानगीवाचून शिरणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा ठरतो, म्हणून तोंडी विचारणा करून उपयोग नाही, लेखी अर्ज द्यावा लागेल. दुसरी म्हणजे अर्जात ‘डोंगरातला ओढा’ असे लिहून चालणार नाही, सर्व्हे नंबर लागेल. सर्व्हे नंबर कसा शोधायचा हे मला ठाऊक नव्हते. पुढच्या दोन संध्याकाळी मी शासनाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर तालुका, गाव आणि नकाशातले तुकडे जुळवत बसले. उपग्रह नकाशा एका खिडकीत आणि भूनकाशा दुसऱ्या खिडकीत ठेवून, रस्त्याचे वळण आणि ओढ्याचा वाक ही खूण धरली, की तुकडे ओळखू येतात. त्यानंतर सातबारा उतारे पाहिल्यावर एक अडचण समोर आली. पाचांपैकी वरचे तीन धबधबे राखीव वनात होते, परंतु खालचे दोन वनखात्याच्या हद्दीत नव्हतेच; ती जमीन दुसऱ्या एका सार्वजनिक संस्थेच्या नावे होती. म्हणजे अर्ज दोन ठिकाणी करायला हवे होते.

३० जूनला मी वन कार्यालयात अर्ज दिला. सोबत आधार कार्डाची प्रत, भूनकाशाची छापील प्रत, त्यावर लाल शाईने दाखवलेली वाट, कॅमेऱ्याचा तपशील आणि स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याचे हमीपत्र जोडले. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढच्या प्रत्येक भेटीत तो क्रमांक सांगितल्यावरच माझे काम पुढे सरकले.

त्यानंतर चार आठवडे काहीच कळले नाही. २८ जुलैला चौकशी केली तेव्हा उलगडा झाला की माझा अर्ज वेगळ्याच विभागात जाऊन पडला होता. मी विषयाच्या ओळीत ‘चित्रीकरणासाठी परवानगी’ असे लिहिले होते आणि चित्रीकरण म्हटल्यावर तो चित्रपट-मालिकांचा अर्ज समजला गेला, ज्याला शुल्क, अनामत रक्कम आणि वरच्या अधिकाऱ्यांची मान्यता लागते. त्या दिवशी परतताना मला फार खिन्न वाटले. एका शब्दासाठी महिना गेला होता आणि पावसाळा कोणाच्या टेबलापाशी थांबत नाही. ४ ऑगस्टला मी नवा अर्ज दिला आणि त्यात ‘वैयक्तिक व अव्यावसायिक स्थिर छायाचित्रण, एक व्यक्ती, एक कॅमेरा, ड्रोनचा वापर नाही’ असे स्पष्ट लिहिले. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांनी हीच शब्दरचना वापरावी. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतला ओढा असेल, उदाहरणार्थ ठाण्याच्या येऊर बाजूचा, तर प्रकरण आणखी वेगळे होते; तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि छायाचित्रणासाठी प्रवेशाचा परवाना त्याच कायद्याखाली घ्यावा लागतो. माझा डोंगर उद्यानाबाहेरचा होता, म्हणून काम त्या मानाने सोपे झाले.

दुसऱ्या संस्थेकडे मला तीनदा जावे लागले. ती वहिवाटीची वाट आहे, परवानगीची गरज नाही, असे तोंडी उत्तर दोनदा मिळाले. परंतु वाटेवर कोणी अडवले तर तोंडी उत्तर दाखवता येत नाही. मी नम्रपणे हेच वाक्य लेखी मागत राहिले आणि १२ सप्टेंबरला, गणपती विसर्जन आटोपल्यानंतरच्या आठवड्यात, ते चार ओळींचे पत्र हातात आले.

मधल्या काळात मी स्वस्थ बसले नव्हते. १८ आणि १९ ऑगस्टला जो प्रचंड पाऊस झाला, त्या दोन दिवसांत मी पुलावर उभी राहून पाण्याची पातळी पाहत होते. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली वसवलेला आहे, म्हणून सिडकोने नगर आखताना डोंगरातून येणारे ओढे थेट खाडीत न सोडता आधी धारण तलावांत घेतले. भरतीच्या वेळी तलावाच्या तोंडाशी असलेली झडपदारे खाडीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. मोठी भरती आणि डोंगरातला मोठा पाऊस एकाच वेळी आला तर तलाव भरत जातो आणि नाला तुंबतो. त्या दिवशी तेच माझ्या डोळ्यांसमोर घडत होते. पुलाच्या खांबावर मी एक खूण ठरवून ठेवली आणि रोज कामावर जाताना पाणी तिच्या किती वर-खाली आहे ते वहीत टिपू लागले. डोंगरात किती पाणी असेल याचा अंदाज घ्यायला ही खूण पुढे फार उपयोगी पडली. मात्र ती ओहोटीच्या वेळीच वाचावी, भरतीचे पाणी नाल्यात मागे चढलेले असेल तर फसगत होते.

सरावही तेव्हाच केला. कॅमेरा भावाचा जुना होता, ट्रायपॉड बँकेतल्या सहकाऱ्याने दिला. घरातल्या नळाखाली ताट तिरके धरून मी वाहत्या पाण्याची चित्रे काढत राहिले. कॅमेऱ्याचे शटर एक दोनशेपन्नासांश सेकंद उघडे ठेवले तर थेंब काचेसारखे गोठतात. पाव सेकंदाला पाण्याचे धागे दिसतात. दोन सेकंदांच्या पुढे सगळे धुके होते. लांबवलेल्या वेळेची दुधाळ चित्रे सगळीकडे पाहायला मिळतात, पण मला ती आवडत नाहीत, कारण त्यांत पाणी दगडावर कुठे आपटते आणि कुठे वळते ते पुसून जाते. माझा कल पाव ते अर्ध्या सेकंदाकडे राहिला. त्यासाठी प्रकाश कमी करणारा काळसर एनडी फिल्टर घ्यायलाच हवा असे दुकानदाराने सांगितले होते, परंतु मी फक्त पोलरायझर घेतला, २,२०० रुपयांचा. तो ओल्या दगडावरची आणि पानांवरची चकाकी काढतो आणि सुमारे दीड स्टॉप प्रकाशही अडवतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). दाट झाडीत तेवढे पुरते, असा माझा हिशेब होता.

२२ सप्टेंबरला वन कार्यालयातून दूरध्वनी आला. अर्जावर स्थळ अहवाल लागणार होता. २५ तारखेला त्या बीटच्या, म्हणजे वनाच्या त्या भागाच्या, वनरक्षक ताई पायथ्याशी भेटल्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या असतील. त्यांनी नकाशा पाहिला, तिथल्या तिथे दोन ठिकाणी वाट दुरुस्त केली आणि विचारले, “मॅडम, पोहता येतं का?” मी होय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “येत असलं तरी कोंडात उतरायचं नाही. अहवालात मी तशी अट घालणार आहे.” धबधब्याखालच्या खोल डोहाला इथे कोंड म्हणतात. त्यात वरून पडणारे पाणी तळाशी गोल फिरत राहते, त्यामुळे उत्तम पोहणाराही खाली ओढला जातो, आणि वाहत आलेल्या फांद्या आत कुठे अडकल्या आहेत ते वरून दिसत नाही. त्यांनी हे ज्या काळजीने समजावले त्यामुळे मला या साऱ्या कागदपत्रांबद्दल वाटणारा त्रागा बराच ओसरला.

परवानगीचे पत्र ६ ऑक्टोबरला मिळाले. शनिवार ११ आणि रविवार १२ ऑक्टोबर, सकाळी ७ ते दुपारी १. अटी आठ होत्या: संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा एक सदस्य सोबत असावा, कोंडात उतरू नये, विस्तव करू नये, प्लॅस्टिक मागे राहू नये, हवामान विभागाचा नारिंगी किंवा लाल इशारा असल्यास परवानगी आपोआप रद्द समजावी, आणि शेवटची म्हणजे काढलेल्या छायाचित्रांची एक प्रत पंधरा दिवसांत कार्यालयात जमा करावी, अशा स्वरूपाच्या. शुल्क आकारले नाही. समितीच्या सदस्याला दिवसाचे ८०० रुपये द्यायचे ठरले.

११ तारखेला पावणेसातला आम्ही निघालो. सोबत आलेले काका पाड्यावरचे, साठीच्या घरातले, कमरेला कोयता आणि पायात साध्या चपला. गमबूट घालून मीच अडखळत होते. खालचे दोन धबधबे वाटेवरच लागतात. पहिला जेमतेम गुडघाभर उंचीचा, दुसरा माझ्या डोक्याएवढा. दोन्ही उघड्यावर आहेत आणि दोन्हींच्या भोवती वेफर्सच्या पिशव्या, बाटल्या आणि कापडाच्या चिंध्या अडकलेल्या होत्या. आम्ही दोघांनी अर्धे पोते भरले आणि ते परतताना न्यायला बाजूला ठेवले. चित्रे तिथे फारशी साधली नाहीत. प्रकाश इतका होता की पोलरायझर लावूनही शटरची वेळ एक विसांश सेकंदाच्या पुढे जात नव्हती. ढग येईपर्यंत थांबून तीन-चार चित्रे घेतली आणि आम्ही पुढे गेलो.

तिसऱ्या धबधब्याशी मात्र मी अडीच तास थांबले, आणि या सगळ्या खटाटोपाचे सार्थक तिथे झाले असे मला वाटते.

पारसिकचा डोंगर दख्खनच्या बेसाल्टचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. एरवी सह्याद्रीत हे थर आडवे, पायऱ्यांसारखे दिसतात. आपल्या या पट्ट्यात मात्र ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. भूशास्त्रज्ञ याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात आणि जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये त्याचे वर्णन केले. मी हे वाचले होते, पण वाचणे वेगळे आणि कललेल्या शिळेवर उभे राहणे वेगळे. ओढा त्या कलत्या शिळेच्या पाठीवरून पातळ पडदा होऊन घसरत येतो, शिळा संपते तिथे अडीच मीटर खाली कोसळतो, पुन्हा पुढच्या शिळेवर पसरतो. वरचा थर घट्ट, काळा आणि गुळगुळीत. त्याखालचा भुसभुशीत, बारीक छिद्रांचा, छिद्रांत झिओलाइट हे पांढरे खनिज भरलेले. पाणी मऊ थराला आतून खात जाते, वरचा कठीण थर ओठासारखा पुढे राहतो आणि कधीतरी तुटतो. धबधब्याखाली पडलेले कोनदार दगड त्या तुटलेल्या ओठाचेच तुकडे होते. पाण्यात गोटे गोल गोल फिरून तयार झालेले चार रांजणखळगेही शिळेवर होते. एकात माझा हात कोपरापर्यंत गेला.

उतार पश्चिमेचा असल्यामुळे सकाळी दहापर्यंत घळीत ऊन पोहोचत नाही. हा लाभ मी आधी ओळखला नव्हता. सगळीकडे सारखा, मऊ प्रकाश होता. कॅमेऱ्याची संवेदनक्षमता आयएसओ १००, लेन्सचे छिद्र एफ/११, आणि पोलरायझर न लावता शटरची वेळ एक अष्टमांश सेकंद. पोलरायझर लावल्यावर सुमारे एक तृतीयांश सेकंद. म्हणजे मला हवा तोच वेळ, आणि एनडी फिल्टरची गरजच नव्हती. प्रत्येक चित्रानंतर मी हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख, पाहत होते, कारण पाण्याचा पांढरा भाग एकदा जळून गेला की नंतर संगणकावर तो परत आणता येत नाही. म्हणून उजेड एक स्टॉप कमीच ठेवला आणि काळ्या दगडातला तपशील नंतर उजळून घेतला. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. ट्रायपॉडचे पाय वाहत्या पाण्यात ठेवले तर त्यांना सूक्ष्म कंप येतो आणि चित्र किंचित हलते, हे घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर कळले. माझी सात चित्रे त्यामुळे वाया गेली. दुसऱ्या दिवशी मी तिन्ही पाय कोरड्या दगडावर राहतील अशाच जागा निवडल्या.

काका एका दगडावर बसून वरच्या बाजूला बघत होते. कशाकडे बघता, असे मी विचारले. ते म्हणाले, “ताई, तुम्ही कॅमेऱ्यात बघता, मग वरती कोणी तरी बघायला पाहिजे ना? पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या जास्त यायला लागल्या, नाही तर आवाज जड झाला, की उठायचं. सामान राहिलं तर राहू द्यायचं.” मला हे फार महत्त्वाचे वाटते. छायाचित्र काढणाऱ्याचे लक्ष चौकटीत अडकलेले असते, म्हणून एकट्याने जाऊ नये आणि सोबतच्या माणसाला दुसरे काम सांगू नये.

त्या अडीच तासांत आवाजही ओळखीचे झाले. पाण्याच्या आवाजावर चढून ऐकू येणारी, माणसाने घातल्यासारखी एक लांब शीळ मधूनमधून येत होती. तो शीळकरी कस्तूर पक्षी होता. दिसला एकदाच, निळा-काळा, ओठाखालच्या ओल्या सावलीत. कडेला तेरडा संपत आला होता, कपारीत नेच्याची पाने पाण्याच्या वाऱ्याने सतत हलत होती. ती हलणारी पाने चित्रात पुसट येतात, त्याला इलाज एकच, वाऱ्याचा खंड पडेपर्यंत थांबणे. एका चौकटीसाठी मी वीस मिनिटे थांबले. चित्र चांगले आले, पण ती वीस मिनिटे मला चित्रापेक्षा अधिक आठवतात.

परतताना शेवाळावरून माझा पाय सरकला आणि गुडघा सोलवटला. आधारासाठी मी डोळ्यांच्या उंचीवरची फांदी धरणार, तोच काकांनी माझा हात मागे ओढला. फांदीवर वीतभर अंतरावर हिरवा चापडा वेटोळे करून बसला होता. विषारी असला तरी तो आपणहून हलत नाही, पानांत मिसळून जातो, म्हणूनच हात पडण्याचा धोका अधिक. ओढ्याकाठी तोल गेला तर फांदी न धरता खाली बसावे, हे मी त्या दिवशी शिकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही थेट चौथ्या आणि पाचव्या धबधब्याकडे गेलो. चौथा अरुंद फटीतून पडतो. त्याच्या समोर जागाच नाही, बाजूने मिळाले तेवढे घेतले. पाचवा सर्वांत उंच, चार मीटरचा असेल, परंतु एका रात्रीत ओढ्याचे पाणी इतके उतरले होते की तो तीन वेगळ्या धारांत पडत होता. मला तो तसाच आवडला. भर पावसातला धबधबा म्हणजे एक पांढरा लोंढा असतो, त्यात दगड दिसत नाही. पाणी कमी झाले की प्रत्येक धार कोणत्या खाचेतून येते ते दिसू लागते. लहान धबधब्यांसाठी बंदी उठल्यानंतरचे हे दहा-पंधरा दिवसच खरे आहेत असे आता माझे मत झाले आहे. त्याआधी जाणे धोक्याचे आहे, आणि चित्रही तेव्हा चांगले येत नाही.

तिथे लेन्सवर बाष्प धरले. पहाटे कॅमेरा वातानुकूलित खोलीतून थेट बॅगेत घातला होता, ही माझी चूक. रात्रभर तो साध्या खोलीत ठेवला असता तर ती पाऊण तासाची खोटी झाली नसती. घरी आल्यावर कॅमेरा आणि लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात दोन दिवस ठेवले. आपल्या हवेत लेन्सच्या आत बुरशी धरायला वेळ लागत नाही. सोलवटलेला गुडघा ओढ्याच्या पाण्यात भिजला होता, म्हणून संध्याकाळी डॉक्टरांकडेही गेले. त्यांनी जखम धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि लेप्टोस्पायरोसिससाठी गोळी घ्यायची की नाही ते विचारपूर्वक ठरवले. आपण होऊन गोळ्या घेऊ नयेत असे त्यांनी बजावले.

त्याच दिवशी, ओहोटीची वेळ पाहून, मी धारण तलावाच्या टोकाला गेले. झडपदारे उघडली होती आणि पाणी तिवरांच्या मधून ठाणे खाडीकडे चालले होते. सकाळी ज्याच्या तळाचा प्रत्येक गोटा मोजता येत होता, ते पाणी इथे काळे आणि दर्पाने भरलेले होते. अंतर पाच-सहा किलोमीटरचे. या खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथवर पोहोचणाऱ्या पाण्याची ही अवस्था पाहून मला वाईट वाटले. मी त्या जागेचेही छायाचित्र काढले आणि ते संचातून वगळायचे नाही असे ठरवले.

खर्चाचा हिशेब असा झाला: पोलरायझर २,२००, काकांचे दोन दिवसांचे १,६००, जलरोधक पिशवी व सिलिका जेल ६५०, कार्यालयांत जाण्या-येण्याची रिक्षा ६००, गमबूट ४५०, पेन ड्राइव्ह ३५० आणि छायाप्रती-छपाई १६०, एकूण ६,०१० रुपये. रजा साडेतीन दिवसांची गेली.

दिवाळी आटोपल्यावर, शुक्रवार २४ ऑक्टोबरला, मी सेहेचाळीस छायाचित्रे पेन ड्राइव्हमध्ये घालून वन कार्यालयात जमा केली आणि पोच घेतली. वनरक्षक ताई तिथेच होत्या. त्यांनी तिसऱ्या धबधब्याचे चित्र बराच वेळ पाहिले आणि शिळेवरच्या एका ताज्या तड्यावर बोट ठेवले. हा तडा आधी त्यांच्या लक्षात आला नव्हता. ओठाचा तो तुकडा येत्या पावसाळ्यात सुटू शकतो, म्हणून खालच्या बाजूला कोणी बसू नये अशी नोंद त्या बीटच्या नोंदवहीत करणार होत्या. पुढच्या ऑक्टोबरात त्याच जागेवरून पुन्हा चित्र घ्याल का, असे त्यांनी विचारले. अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात द्या, विषय तोच ठेवा आणि सोबत या परवानगीचा जावक क्रमांक लिहा, असेही सांगितले. तो क्रमांक मी वहीच्या पहिल्या पानावर, पुलाच्या खांबावरच्या नोंदींच्या वर, लिहून ठेवला आहे.